सार्वजनिक वाचनालयाच्या सभासदत्वावर घरून संशोधन-डेटाबेस वापरता येतील का? (ठाणे–नवी मुंबई)

मिठागर (कोपरी, ठाणे)

नमस्कार. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरील मिठागरे, तेथे काम करणारी आगरी कुटुंबे आणि मिठावरील सरकारी नियंत्रणाचा त्यांच्या जगण्यावर झालेला परिणाम यांविषयी मी निवृत्तीनंतर अभ्यास सुरू केला आहे. कोणत्याही विद्यापीठाशी वा महाविद्यालयाशी माझा संबंध नाही. सभासदत्व आहे ते ठाण्यातील एका सार्वजनिक वाचनालयाचे. तेथील संदर्भ विभागातून पुस्तके मिळतात आणि कर्मचारी मनापासून मदतही करतात, परंतु पुस्तकाच्या तळटिपेत एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख आला की माझी वाट खुंटते. तो निबंध कोणत्या डेटाबेसमध्ये, म्हणजे शोधनिबंधांच्या कोणत्या ऑनलाइन संग्रहात, आहे हे लगेच कळते. मात्र तेथे ‘आपल्या संस्थेमार्फत प्रवेश करा’ असे सांगितले जाते, किंवा एका निबंधासाठी डॉलरमध्ये जी किंमत मागितली जाते ती माझ्या वाचनालयाच्या वार्षिक वर्गणीहून अधिक असते.

माझी भाची अमेरिकेत राहते. तिच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयाचे साधे कार्ड असलेला कोणीही रहिवासी घरी बसून असे कितीतरी डेटाबेस उघडू शकतो, हे तिने मला दाखवले आणि स्वतःचा कार्ड क्रमांक देण्याची तयारीही दर्शवली. तो वापरणे योग्य ठरेल का? तसे नसेल, तर येथे राहून, संस्थेच्या आधाराविना, घरून काय काय वाचता येते? आणि आपल्या वाचनालयांत ही सोय यायची असेल, तर नेमके काय करावे लागेल? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती. परवानगीशिवाय प्रती पुरवणाऱ्या संकेतस्थळांची चर्चा येथे नको. माझ्या लेखनातील प्रत्येक संदर्भ कोणालाही उघडपणे तपासता यावा, अशी माझी इच्छा आहे.

ग्रंथपाल_वाशी

आधी कार्ड क्रमांकाविषयी: तो वापरू नये. ग्रंथालय डेटाबेस विकत घेत नाही. ठरावीक मुदतीसाठी वापराचा परवाना घेते, आणि त्या करारात अधिकृत वापरकर्ता कोण हे लिहिलेले असते. सार्वजनिक ग्रंथालयाच्या बाबतीत तो बहुधा त्या गावात किंवा परगण्यात राहणारा, नोकरी करणारा किंवा शिकणारा सभासद असतो. कार्ड दुसऱ्याच्या हाती गेले की करार मोडतो, आणि प्रकाशकाला गैरवापराचा संशय आला तर तो एका खात्यापुरता न थांबता काही वेळा संपूर्ण ग्रंथालयाचा प्रवेश तात्पुरता रोखतो. त्याचा भुर्दंड आपल्या भाचीच्या गावातील शाळकरी मुलांना बसेल.

आता ही सोय चालते कशी, ते सांगतो, कारण पुढची मागणी नीट करायची असेल तर हे ठाऊक असणे आवश्यक आहे. ग्रंथालयाच्या इमारतीतील संगणकांचे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरील ओळख-क्रमांक, प्रकाशकाकडे नोंदवलेले असतात. त्या पत्त्यावरून आलेली विनंती ‘आपल्या ग्राहकाची’ म्हणून ओळखली जाते आणि निबंध थेट उघडतो. घरचा संगणक त्या यादीत नसतो. म्हणून मध्ये एक सर्व्हर ठेवला जातो. सभासद त्या सर्व्हरला आपला सभासद क्रमांक आणि गुप्त संकेत देतो, सर्व्हर त्याची पडताळणी करतो आणि मग त्याच्या वतीने प्रकाशकाकडे जातो. ईझीप्रॉक्सी ही या कामाची जगभर वापरली जाणारी प्रणाली १९९९ मध्ये तयार झाली आणि २००८ पासून ती ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेकडे आहे. दुसरी पद्धत अशी की, प्रकाशकाच्या संकेतस्थळावर आपण संस्थेचे नाव निवडायचे आणि संस्थेच्या स्वतःच्या प्रवेशपानावर ओळख पटवून परत यायचे. भारतात विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्रीय संस्थेने उभारलेली इन्फेड ही व्यवस्था या पद्धतीने चालते.

यातून एक व्यावहारिक सूचना निघते. अशा मार्गाने उघडलेल्या निबंधाचा वरच्या पट्टीतील पत्ता जपून ठेवू नये, कारण तो त्या सत्रापुरता किंवा त्या ग्रंथालयापुरता असतो. निबंधाचा डीओआय क्रमांक (निबंधाला दिलेला कायमचा ओळख-क्रमांक) किंवा डेटाबेसने दिलेला कायमस्वरूपी दुवा लिहून ठेवावा. संदर्भ म्हणूनही तोच द्यावा.

दूरचा_ठाणेकर

माझे बालपण चरईत गेले. आता मी न्यू जर्सीत राहतो. भाचीने जे दाखवले ते खरे आहे, परंतु त्याच्याही मर्यादा आहेत. येथे सर्वच डेटाबेस घरून उघडत नाहीत. काही फक्त ग्रंथालयाच्या इमारतीतच वापरता येतात. वंशावळ शोधणाऱ्यांसाठी असलेली ॲन्सेस्ट्रीची ग्रंथालय आवृत्ती याचे ठळक उदाहरण आहे: करोनाच्या काळात ती सभासदांना घरून वापरू दिली गेली होती आणि २०२१ च्या अखेरीस ती मुभा संपली. इंग्लंडमधील अनेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या सभासदांना ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी शब्दकोश आणि राष्ट्रीय चरित्रकोश घरून केवळ कार्ड क्रमांक टाकून वाचता येतात, मात्र शास्त्रीय नियतकालिकांच्या बाबतीत तेवढी उदारता सर्वत्र आढळत नाही.

मला येथे महत्त्वाची वाटलेली बाब निराळी आहे. येथील सार्वजनिक ग्रंथालयात गेल्यावर ‘तुम्ही कोणत्या विद्यापीठाचे?’ असा प्रश्न कोणी विचारत नाही. रहिवासी असणे पुरेसे ठरते. ठाण्यातही तसे व्हावे असे मला मनापासून वाटते.

पारसिक

मिठागर, आपला विषय खाडीचा असल्यामुळे मी जरा विस्ताराने लिहितो. मी खाडीतील पक्षी आणि खारफुटी यांविषयी मराठी विकिपीडियावर लिहीत असतो आणि घरूनच सारे वाचन करतो.

इतिहासासाठी सुरुवात जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरपासून करावी. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेला ठाणे जिल्ह्याचा तेरावा खंड १८८२ मध्ये दोन भागांत निघाला आणि तो इंटरनेट अर्काइव्हवर विनामूल्य वाचता येतो. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहातील दुर्मीळ ग्रंथ, जुनी वृत्तपत्रे, सरकारी अहवाल आणि नकाशे ‘ग्रंथ संजीवनी’ या संकेतस्थळावर आहेत. मिठावरील कर आणि बंदोबस्ताचा पत्रव्यवहार पाहायचा असेल तर राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ उघडावे. नोंदणी केली की सूची चाळता येते आणि ज्या फायलींच्या प्रतिमा तयार झाल्या आहेत त्या घरून पाहता येतात. शोध घेताना एक काळजी घ्यावी: जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ठाण्याचे स्पेलिंग एकसारखे नाही. शेवटी ‘ए’ असलेले ‘थाना’ आणि त्याहून जुने, दोन ‘एन’ असलेले ‘टान्ना’ ही दोन्ही रूपे टाकून पाहावीत, आणि ‘साष्टी’साठी ‘सालसेट’ टाकावे. आजचे स्पेलिंग टाकले तर एकोणिसाव्या शतकातील बहुतेक कागद समोर येतच नाहीत.

खाडीच्या निसर्गाविषयी तर आपण समजतो त्याहून पुष्कळ सामग्री खुली आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे नियतकालिक १८८६ पासून निघते आणि त्याचे जुने खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयात पानापानाने शोधता येतात. सागरी विज्ञानाचे भारतीय नियतकालिक, जे पूर्वी ‘इंडियन जर्नल ऑफ मरीन सायन्सेस’ या नावाने निघत असे, ते सरकारी प्रकाशन असून ‘एनओपीआर’ या नियतकालिकांच्या ऑनलाइन भांडारात विनामूल्य आहे. ‘करंट सायन्स’ही खुले आहे. मुंबई विद्यापीठात सादर झालेले प्रबंध ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या भांडारात शोधावेत, प्रबंधाच्या शेवटी असलेली संदर्भसूची ही कित्येकदा प्रबंधाइतकीच मोलाची असते, कारण एखाद्या अभ्यासकाने कित्येक वर्षे खपून केलेली निवड त्यात आयती मिळते.

जेस्टोर या शोधनिबंधांच्या मोठ्या डेटाबेसवर कोणालाही विनामूल्य खाते काढता येते आणि महिन्याला १०० लेखांपर्यंत पडद्यावर वाचता येतात. ते उतरवून घेता येत नाहीत, त्यामुळे टिपणे काढावी लागतात. जेस्टोरवरच दक्षिण आशियाविषयीचा एक खुला संग्रह आहे, त्यासाठी खातेही लागत नाही. त्यात वसाहतकाळातील अहवाल आणि नियतकालिके आहेत.

शेवटी विकिपीडिया ग्रंथालय, म्हणजे विकिपीडियाच्या संपादकांसाठी असलेली डेटाबेसची सोय. विकिपीडियावर किमान ५०० संपादने, सहा महिन्यांचे खाते आणि गेल्या महिन्याभरात १० संपादने असतील, तर एरवी पैसे मोजावे लागणारे कितीतरी डेटाबेस घरून उघडतात. मराठी विकिपीडियावरील संपादने यासाठी धरली जातात. आपल्याकडे मिठागरांविषयी जी माहिती आहे ती मराठी विकिपीडियावर नीट संदर्भ देऊन लिहिलीत, तर वाचकांचे भले होईल आणि हा दरवाजाही उघडेल. मी याकडे केवळ सोय म्हणून पाहत नाही. ज्ञान घेणाऱ्याने ज्ञान देण्याचा हा सरळ व्यवहार मला फार योग्य वाटतो.

खारघर_सेक्टर१२

माझा विषय इतिहासाचा नाही. आमच्या घरात एक दीर्घ आजार आहे आणि डॉक्टरांनी सुचवलेल्या उपचाराविषयी प्रश्न विचारण्याइतपत तरी समज यावी म्हणून मी वाचते. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीवर शोध घेताना ‘संपूर्ण मजकूर विनामूल्य’ ही चाळणी लावली की केवळ घरून वाचता येतील असेच निबंध दिसतात. त्यांतील मोठा भाग पबमेड सेंट्रल या खुल्या संग्रहात असतो. बंद असलेल्या निबंधाची खुली प्रत लेखकाच्या विद्यापीठाच्या भांडारात आहे का, हे ‘अनपेवॉल’ नावाचे ब्राउझरचे जोडसाधन आपोआप दाखवते. तेवढ्यानेही न मिळाल्यास निबंधाखाली दिलेल्या पत्त्यावर लेखकाला विनयाने पत्र लिहावे. मला लेखकांनी प्रती पाठवल्या आहेत.

मात्र एक गोष्ट आवर्जून सांगते. निबंधाचा केवळ सारांश वाचून उपचाराविषयी मत बनवू नये. सारांशात परिणाम असतो. तो कोणत्या वयाच्या, कोणत्या अवस्थेतील रुग्णांवर दिसला हे आतल्या पानांत असते, आणि तीच पाने बंद असतात. म्हणून संपूर्ण मजकूर मिळणे ही माझ्यासारखीसाठी चैन नाही. शिवाय रुग्णाला घरी सोडून वाचनालयात जाऊन बसणे मला शक्य नसते. रात्री घर शांत झाले की मला वाचायला वेळ मिळतो, आणि तेव्हा वाचनालय बंद असते.

जासई_ते_सीवूड्स

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या स्थापनेपासूनचा, म्हणजे १९७० पासूनचा, भूसंपादनाचा इतिहास मी जुळवतो आहे. न्यायनिर्णय ‘इंडियन कानून’वर विनामूल्य मिळतात, त्यामुळे त्या बाजूने अडचण येत नाही. १९८४ च्या जानेवारीतील जासई परिसरातील शेतकऱ्यांच्या भूसंपादनविरोधी आंदोलनाविषयी आणि जमीन गेलेल्यांना विकसित भूखंड परत देण्याच्या साडेबारा टक्के योजनेविषयी जे अभ्यासपूर्ण लेखन झाले आहे, ते मात्र पुष्कळसे सशुल्क नियतकालिकांत आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकाच्या अंकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. ज्यांच्या जमिनीवर ते शहर उभे राहिले त्यांच्या मुला-नातवंडांना त्याविषयी झालेले संशोधन घरून वाचता येऊ नये, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

नौपाड्याचा_जुना_सभासद

चर्चा चांगली चालली आहे, परंतु मला एक वेगळी बाजू मांडावीशी वाटते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. विनायक लक्ष्मण भावे यांच्यासारख्या अभ्यासकाचा त्यात पुढाकार होता. तेव्हापासून आपल्याकडील वाचनालये सभासदांची वर्गणी, देणग्या आणि नंतरच्या काळात १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली मिळणारे वर्गवार अनुदान यांवर चालत आली आहेत. या पैशांतून कर्मचाऱ्यांचे वेतन, जागेची देखभाल, नवी पुस्तके आणि दिवाळी अंक एवढे सांभाळतानाच कार्यकारिणीची दमछाक होते. त्यातून डॉलरमध्ये परवाने घ्यायचे म्हटले तर मराठी पुस्तकांची खरेदी कमी होईल. माझ्या मते पैसा हाती आला तर आधी जुन्या मराठी नियतकालिकांचे डिजिटायझेशन व्हावे. परदेशी प्रकाशक आपला माल सांभाळतील. आपली जुनी मासिके कपाटात झिजून गेली तर ती पुन्हा कोठेही मिळणार नाहीत.

मिठागर (कोपरी, ठाणे)

आपला मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे, आणि माझ्या विषयाचे तर निम्मे साहित्य त्या मासिकांतच असणार. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ मराठी ग्रंथ आपल्या संकेतस्थळावर खुले केले आहेत, मराठी विश्वकोशही घरून वाचता येतो. हे काम वाढलेच पाहिजे. तथापि एका वाचनालयाने स्वतःच्या वर्गणीतून परवाना घ्यावा असे माझे म्हणणे नाही. राज्याने किंवा केंद्राने एकत्रित परवाना घ्यावा आणि वाचनालयाने केवळ आपला सभासद कोण हे सांगावे, असे होऊ शकत नाही का?

ग्रंथपाल_वाशी

होऊ शकते, आणि त्याची चौकट आधीच तयार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण व संशोधन संस्था आणि सुमारे १.८ कोटी विद्यार्थी व अध्यापक, असा तिचा आवाका आहे. समन्वयाचे काम इन्फ्लिबनेटकडे आहे. योजनेची आखणी टप्प्यांची आहे: सरकारी संस्थांनंतर खासगी शिक्षणसंस्था, आणि तिसऱ्या टप्प्यात सार्वजनिक ग्रंथालयांतील नेमून दिलेल्या केंद्रांमधून सर्व नागरिक.

हा तिसरा टप्पा आपल्या दृष्टीने निर्णायक आहे, कारण वर नौपाड्याच्या सभासदांनी काढलेली खर्चाची अडचण त्यात बऱ्याच अंशी सुटते. प्रश्न राहतो तो ‘केंद्र’ या कल्पनेचा. परवान्यांच्या भाषेत दोन प्रकारचे वाचक असतात. एक, जो इमारतीत येऊन तेथील संगणकावर वाचतो. त्याला परवानगी देणे प्रकाशकांना सोपे वाटते. दुसरा, जो नोंदणीकृत सभासद असून घरून वाचतो. त्याच्यासाठी प्रकाशक अधिक पैसे आणि अधिक हमी मागतात. आपण आताच बोललो नाही, तर पहिल्या प्रकारावरच समाधान मानले जाईल, आणि मग वाशीच्या वाचनालयात एक संगणक, एक खुर्ची आणि संध्याकाळी सातपर्यंतची वेळ एवढेच आपल्या वाट्याला येईल. खारघरच्या ताईंना, अंथरुणाला खिळलेल्या वाचकाला, शहापूरहून रोज लोकलने नोकरीला येणाऱ्या माणसाला त्याचा काहीही उपयोग नाही. प्रवेश इमारतीला नव्हे, सभासदाला मिळाला पाहिजे. माझ्या व्यवसायातील इतक्या वर्षांनंतर हे माझे ठाम मत झाले आहे.

घणसोली_आयटी

तांत्रिक बाजूने पाहिले तर घरून प्रवेश देणे अवघड नाही. प्रत्येक वाचनालयाने स्वतःचा सर्व्हर चालवण्याची गरज नाही. राज्यासाठी एकच प्रवेशद्वार पुरेल. खरी अडचण सभासदांच्या यादीची आहे. माझ्या वाचनालयात सभासदांची नोंद अजूनही जाड वह्यांत आहे, वर्गणी कधीपर्यंत भरली हे पावतीपुस्तकावरून शोधावे लागते, आणि सोडून गेलेल्या सभासदांची नावे वर्षानुवर्षे तशीच राहतात. सभासद चालू आहे की नाही हे क्षणात सांगता आले नाही, तर कोणताही प्रकाशक घरून प्रवेशाला मान्यता देणार नाही. राष्ट्रीय सूचना केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही ग्रंथालयाचे कामकाज संगणकावर आणणारी प्रणाली उपलब्ध आहे, मुक्तस्रोत ‘कोहा’ही आहे. दोन्हींत सभासदाची मुदत आपोआप तपासता येते. हे काम आजच हाती घेता येईल, आणि ते केल्यामुळे देवघेव विभागाचाही वेळ वाचेल.

खारघर_सेक्टर१२

यादी तयार करताना एक काळजी घ्यावी. कोणत्या सभासदाने कोणता निबंध वाचला, याची नोंद वाचनालयाने साठवू नये किंवा लवकर पुसून टाकावी. आजाराविषयी वाचणाऱ्याला आपले वाचन इतरांना कळू नये असे वाटणे स्वाभाविक आहे.

मिठागर (कोपरी, ठाणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कार्ड क्रमांक घेणार नसल्याचे मी भाचीला कळवले आहे. पारसिक यांनी सांगितल्याप्रमाणे ‘थाना’ हे जुने स्पेलिंग टाकून अभिलेख पटलावर शोध घेतला, तेव्हा मिठाच्या बंदोबस्ताविषयीच्या अशा फायली सूचीत आल्या, ज्यांचे अस्तित्वच मला माहीत नव्हते.

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडण्यासाठी आणि त्यानंतर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत ग्रंथालय संचालनालयाकडे पाठवण्यासाठी मी एक मसुदा केला आहे:

‘आमचे वाचनालय आपल्या सर्व सभासदांची नोंद मुदतीसह संगणकावर आणण्याचे काम हाती घेत आहे. एक राष्ट्र, एक वर्गणी योजनेच्या ज्या टप्प्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा समावेश होईल, त्या टप्प्यात नोंदणीकृत सभासदांना घरूनही प्रवेश मिळावा, केवळ ग्रंथालयातील केंद्रापुरता तो मर्यादित नसावा, अशी शिफारस राज्य शासनाने केंद्र शासनाकडे करावी. सभासदाच्या वाचनाची वैयक्तिक नोंद जतन केली जाणार नाही. तोपर्यंत विनामूल्य उपलब्ध असलेल्या डेटाबेसची मराठी सूची वाचनालयाच्या संकेतस्थळावर ठेवली जाईल आणि ते वापरण्यासाठी संदर्भ विभागात आठवड्यातून एकदा मार्गदर्शन केले जाईल.’

नौपाड्याचा_जुना_सभासद

मसुद्यात जुन्या मराठी नियतकालिकांच्या डिजिटायझेशनसाठी स्वतंत्र अनुदानाची मागणी जोडावी. ती जोडल्यास सभेत ठरावाला मी अनुमोदन देईन.

मिठागर (कोपरी, ठाणे)

जोडली आहे, आणि ती पहिल्याच परिच्छेदात घेतली आहे. विनामूल्य डेटाबेसच्या सूचीचे काम पारसिक आणि खारघरच्या ताईंनी वाटून घ्यावे, अशी विनंती करतो. नवी मुंबईतील वाचनालयांच्या सभासदांनी हाच मसुदा आपापल्या कार्यकारिणीपुढे ठेवला तर जिल्ह्यातून एकाच आशयाची अनेक पत्रे जातील. कोण कोठे मांडणार आहे ते येथेच लिहावे.

जासई_ते_सीवूड्स

नेरुळमधील आमच्या वाचनालयात मी मांडतो.